तोंडदेखले

परवा एका साक्षगंधाला गेलो होतो. कुरखेड्यापासून जवळच्याच एका गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे वाचाल तेव्हा कळेल. नवरदेव माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, वय चोवीस. बापाला मी मराठी शिकवलं आणि मुलाच्या साक्षगंधाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. निवृत्त मास्तराला आणखी काय हवं!

मांडवात शिरल्याबरोबर पाणी आलं, चहा आला आणि मग एक ताट फिरत आलं. ताटात बडीशेप, सुपारी आणि पन्नीत बांधलेले खर्रे. "घ्या जी गुरुजी, आजच्या दिवस चालते!" मी बडीशेप घेतली. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांनी खर्रा घेतला.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. खर्रा म्हणजे कातरलेली सुपारी, सुगंधित तंबाखू आणि चुना. हे सगळं पन्नीत घालून पानठेलेवाला घोट घोट घोटतो आणि पुडी बांधून देतो. आमच्या झाडीपट्टीत तो साक्षगंधाला असतो, लग्नाला असतो, तेरवीला असतो, रात्रभर चालणाऱ्या नाटकाला असतो, रोवणीच्या बांधीवर असतो. पाहुण्याला पाणी विचारायला एखादा विसरेल, खर्रा विचारायला विसरणार नाही.

तर मंडळी, कुंकू लावणं झालं आणि पेढा भरवायची वेळ आली. मुलीनं अख्खा पेढा पुढे केला. मुलानं तो हातात घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि एकेक तुकडा ओठांच्या फटीतून आत सरकवला. सगळे हसले. "लाजला, लाजला!" मी हसलो नाही. नंतर तो माझ्या पाया पडायला आला. उठताना त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं. वर सुगंधित तंबाखूचा गोडसर वास आणि त्याच्याखाली काहीतरी कुजल्याचा वास. तो मी याआधी एकदा घेतलेला आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

तोंडाच्या वासाबद्दल आपण समाज म्हणून दोनच गोष्टी करतो. माणसाच्या मागे हसतो आणि माणसाच्या पुढे वेलची ठेवतो. पहिल्या गोष्टीला आपण गंमत म्हणतो, दुसरीला सभ्यता. माझ्या मते दोन्ही गोष्टी सारख्याच निर्दय आहेत, आणि दुसरी जास्त. कारण हसणारा निदान कबूल तरी करतो की वास येतोय. आपण मंडळी तोंडदेखले आहोत. तोंड बघतो, तोंडावर गोड बोलतो आणि तोंडात काय चाललंय ते मात्र बघत नाही.

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी माझं स्वतःचं सांगतो.

1981 सालची गोष्ट. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातच होतो. मी दुसरीच्या वर्गावर. वर्गात एक मुलगा होता, त्याच्याजवळ गेलं की भयंकर वास यायचा. बाकीची मुलं नाक दाबायची. मी काय करावं? मी त्याला शेवटच्या पट्टीवर एकटं बसवलं. रोज विचारायचो, "दात घासले का?" तो "हो" म्हणायचा. मला खोटं वाटायचं. दोन-तीनदा तर त्याला "निंबाच्या काडीनं घासून ये" म्हणून घरी परत पाठवलं. एके दिवशी त्याची आई आली. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "गुरुजी, मी रोज घासून देतो जी त्याचे दात. मंग वास कायचा येते?"

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डॉक्टरकडे होतं. त्या पोराच्या एकाच नाकपुडीतून घाण पाणी यायचं, हे मी रोज बघत होतो आणि "शेंबडा" म्हणून सोडून देत होतो. डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलं आणि वाकड्या चिमट्यानं एक काळी गुठळी काढली. खोडरबराचा तुकडा! कधीतरी खेळता खेळता नाकात घातला आणि मार बसेल म्हणून बोलला नाही. चार-पाच दिवसांत वास गेला. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीचा स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकलंय का ते आधी बघावं, हे डॉक्टरांना पक्कं माहीत असतं. मास्तराला माहीत नव्हतं, हे समजू शकतं. पण मास्तरानं विचारलंसुद्धा नाही. त्यानं वास घेतला आणि निकाल दिला, पोरगं गलिच्छ आहे. शेवटच्या पट्टीवर दोन महिने बसलेल्या त्या पोराची मी आजही मनातल्या मनात माफी मागतो.

तेव्हापासून मी हा विषय वाचायला लागलो. जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

तोंडाला येणारा वास बहुतेक वेळा तोंडातलाच असतो, पोटातला नव्हे. "पोट साफ नाही म्हणून वास येतो" हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, पण दहातल्या आठ-नऊ जणांच्या बाबतीत मूळ जिभेवर, हिरड्यांत नाहीतर किडलेल्या दातात असतं. जिभेच्या मागच्या खडबडीत भागावर आणि दातांच्या फटींत जंतू राहतात. अन्नाचे कण आणि झडलेल्या पेशी खाऊन ते गंधकाचे वायू सोडतात. सडक्या अंड्याला ज्या वायूचा वास येतो, तोच यातला एक. लाळ हे सगळं धुऊन काढत असते. रात्री लाळ कमी होते म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो, कलेक्टरच्याही आणि कोतवालाच्याही. उपासाच्या दिवशी येतो. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला येतो. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, त्यानं येतो. टॉन्सिलच्या खळग्यांत साचणारे पांढरे खडे, सायनसचा पू, यानंही येतो. आणि क्वचित तो मोठ्या दुखण्याची सूचना असतो. मधुमेह फार बिघडला तर श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, मूत्रपिंडं निकामी होत आली तर अमोनियासारखा. म्हणजे वास हा रोग नाही, निरोप आहे. आपण निरोप्याचंच तोंड बडीशेपेनं बंद करतो!

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. चरकसंहितेत दात घासण्याबरोबर जीभ खरवडायला सांगितलं आहे. त्यासाठी सोनं, चांदी, तांबं अशा धातूंच्या पट्ट्या सांगितल्या आहेत, आणि जिभेच्या मुळाशी साचलेला मळ दुर्गंधी आणतो हे कारणही दिलं आहे. आम्ही चरकाचा अभिमान बाळगतो आणि जीभ तशीच ठेवतो.

आता दुसरी कबुली. ही जास्त जड आहे.

साधारण 2004 ची गोष्ट. शाळेत माझे एक सहकारी होते. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावर त्यांनी लिहिलेला सुविचार पुसायला मुलं तयार नसायची. ते दिवसाला चार-पाच खर्रे खायचे. हळूहळू त्यांच्या तोंडाला असा वास यायला लागला की शिक्षक-खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. आम्ही काय केलं? आम्ही शहाणे लोक! टेबलावर कायमची बडीशेपेची वाटी ठेवली. ते आले की कोणीतरी वाटी त्यांच्याकडे सरकवायचं. ते बिचारे "धन्यवाद" म्हणून घ्यायचे. ते बाहेर गेले की आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. त्यांना न दुखावता काम साधलं, याचं आम्हाला कौतुक वाटायचं. मीही हसणाऱ्यांत होतो.

दीड-दोन वर्षांनी त्यांचा गाल बाहेरून सुजला, तेव्हा त्यांना नागपूरला नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि विचारलं, "वास केव्हापासून येतो?" सर गप्प राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपल्याला आपल्या तोंडाचा वास येत नाही, नाकाला त्याची सवय होऊन जाते. त्यांच्या बायकोनं खाली बघून सांगितलं, "दोन वर्षं झाले. मी अंथरूण वेगळं केलं होतं."

गालाच्या आतला कर्करोग होता. ऑपरेशन झालं, शेक झाला, पुढच्या पोळ्याआधी सर गेले. डॉक्टर म्हणाले होते, लवकर आला असतात तर बरंच काही करता आलं असतं. बायकोला दोन वर्षांपासून माहीत होतं. आम्हा अकरा शिक्षकांना दीड वर्षापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ज्याचं तोंड होतं त्याला. बडीशेपेची ती वाटी मी नंतर शाळेच्या मागे नेऊन फेकून दिली. काय उपयोग!

या तोंडदेखलेपणावर जगात मोठमोठे धंदे उभे राहिलेत. अमेरिकेत 1879 साली लिस्टरिन नावाचं जंतुनाशक निघालं. शस्त्रक्रियेतल्या जंतुनाशकांचा पुरस्कार करणाऱ्या जोसेफ लिस्टरच्या नावावरून त्याचं नाव. पुढे 1920 च्या दशकात त्याच्या मालकांनी तोंडाच्या वासासाठी 'हॅलिटोसिस' हा डॉक्टरी थाटाचा शब्द उचलला आणि जाहिराती केल्या. जाहिरातीत एक देखणी मुलगी. मैत्रिणींची लग्नं होतात, हिचंच होत नाही. का? तिच्या तोंडाला वास येतो आणि तिला कोणी सांगत नाही. खप कितीतरी पटींनी वाढला. बघा, त्यांनी विकलं काय? आपल्या जवळच्यांचं गप्प बसणं! मित्रानं सांगितलं असतं तर बाटली कोणाला लागली असती? उलट काही माणसांच्या तोंडाला मुळीच वास नसतो, तरी त्यांना आयुष्यभर येतोय असं वाटत राहतं आणि ती तोंडावर हात ठेवून बोलतात. तीही त्याच भीतीची गिऱ्हाइकं.

त्यांनी भीती विकली. आमच्या पानठेल्यावर सुगंध विकला जातो. सुपारी आणि तंबाखू हिरड्या खातात, तोंड सडवतात, वास आणतात. आणि तो वास झाकायला सुगंध त्याच पुडीत असतो. रोग आणि रोगाचं पांघरूण एकाच पन्नीत! महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, मग सुगंधित तंबाखूवरही आली. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असं 2003 चा कायदा म्हणतो. कायदा कागदावर नांदतो आणि खर्रा नाक्यावर.

सुपारी तर निर्दोष, असं म्हणणारे सुशिक्षित मी पुष्कळ पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नुसत्या सुपारीलासुद्धा 2004 सालीच कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारीनं गालाच्या आतलं मऊ कातडं आखडत जातं, दोरीसारखं ताठ होतं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. तोंड उघडत नाही म्हणून ब्रश मागे पोहोचत नाही, ब्रश पोहोचत नाही म्हणून वास वाढतो. वास वाढला म्हणून माणूस आणखी सुगंधाचा खर्रा खातो. हे चक्र मी डोळ्यांनी बघितलं आहे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, तो उगाच नाही. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि धूर न काढता तोंडात ठेवणारे किंवा घासणारे 24.4 टक्के. म्हणजे आपला प्रश्न विडी-सिगारेटचा कमी आणि तोंडाचाच जास्त.

यावर लोक मला काय सांगतात तेही ऐका.

पहिलं, "गुरुजी, खर्रा खाल्ला की दात दुखत नाही." बरोबर आहे. दुखणं कळेनासं होतं, दात बरा होत नाही. आमच्या बाया गुडाखू नि नस घासतात, तेही याच समजुतीनं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात 1992 पासून बंदी आहे. उगाच घातली असेल का?

दुसरं, "गरीब माणसाचा तेवढाच विरंगुळा आहे, कायले हिसकावता?" या वाक्यात मोठी दया दिसते, पण ती फुकटची आहे. दिवसाला पन्नास रुपये धरा, वर्षाचे 18,250 होतात. धानाच्या शेतीवर जगणाऱ्या घरात ही रक्कम विरंगुळ्याची नाही.

तिसरं, आणि हे मला मनातून पटणारं, "तोंडावर सांगितलं तर माणूस दुखावतो." हो, दुखावतो. मी दुखावलो आहे. मला कवळी आहे. मागच्या वर्षी माझी सात वर्षांची नात मांडीवर बसली आणि म्हणाली, "आबाजी, तुमच्या तोंडाला वास येते." सुनेनं तिला दटावलं. माझा चेहरा पडला, खोटं कशाला बोलू? पण त्या रात्री कवळी काढून बघितली, तर आतून बुळबुळीत! मी ती रात्रंदिवस घालून झोपत होतो. आता रोज रात्री काढतो, घासतो, पाण्यात ठेवतो. वास गेला. घरातल्या पाच मोठ्या माणसांनी जे केलं नाही ते सात वर्षांच्या पोरीनं केलं, आणि आपण तिला "असं बोलू नये" शिकवत होतो.

म्हणून सांगावं, पण सांगण्याची रीत असावी. चारचौघांत नाही. नाकाला रुमाल लावून नाही. "घाण" हा शब्द काढून नाही. एकट्याला बाजूला घ्यावं आणि म्हणावं, "बापू, तुझ्या तोंडाला काही दिवसांपासून वास येतो, एकदा दाखवून घे." एवढंच. ज्याला ऐकायचं आहे त्यानं रोज दोनदा दात घासावेत, जीभ मागपर्यंत हलक्या हातानं खरवडावी, पाणी भरपूर प्यावं, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जावं. एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत वास गेला नाही, किंवा तोंडात न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा दिसला, तर घरचे उपाय पुरे. आणि आपलं तोंड नीट उघडतं का, ते आरशासमोर बघावं. उभी तीन बोटं दातांच्या मधून सहज गेली पाहिजेत.

आमचा जिल्हा काही करू शकत नाही असं नाही. बायांनी गावोगावी उठून 1993 साली याच जिल्ह्यात दारूबंदी आणवली. आमच्या कुरखेड्यात 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था 1984 पासून काम करते. 2016 पासून सर्च, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून सुरू केलेलं 'मुक्तिपथ' अभियान दारूबरोबर तंबाखूच्याही मागे लागलं. पण संस्था तुमच्या मांडवात येऊन ताट थांबवणार नाही. ते ताट तुमच्या-माझ्या हातातलं आहे. त्या साक्षगंधात ते माझ्यापुढे आलं, तेव्हा मी बडीशेप घेतली आणि ताट पुढे सरकवलं. बघा, सवय किती जुनी असते!

तर त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी नवरदेवाला मांडवामागे विहिरीजवळ नेलं. म्हटलं, "तोंड उघड. बोटं घाल." दोन बोटं गेली, तिसरं गेलं नाही. मी म्हटलं, "तोंडाला वास येतो तुझ्या. माहीत आहे?" तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिखट खाता येत नाही गुरुजी, सहा-सात महिने झाले. पन कोनाले सांगाव?"

त्याच्या बापाला राग आला. "आजच्या दिवशी कायले काढले जी हे?" त्याचं म्हणणं खरं आहे, दिवस चुकीचा होता. पण योग्य दिवसाची वाट आम्ही एकदा बघितली आहे. मी त्याला म्हटलं, रागव माझ्यावर, पण पोराला घेऊन चल. आणि पोराला म्हटलं, मुलीला तूच सांग. मी सांगणार नाही, पण तू लपवायचं नाही. त्यानं तिला फोन केला. तिनं काय उत्तर दिलं ते त्याचं त्याला माहीत, मी विचारलं नाही. हे सगळं लिहायची परवानगी मात्र त्यानंच दिली.

सोमवारी सकाळच्या बसनं आम्ही तिघं गडचिरोलीला डॉक्टरकडे जातो आहोत. खिशात खर्रा आणायचा नाही, एवढी एकच अट मी घातली आहे. बापालासुद्धा.